कागदावर नसलेले पाइप

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या नायप्रो कारखान्यात १९७४ साली पाचव्या रिॲक्टरला तडा गेला. तो काढून चौथा आणि सहावा जोडायला २० इंची बायपास बसवला. त्या बायपासचं एकमेव ड्रॉइंग होतं वर्कशॉपच्या जमिनीवर, खडूने काढलेलं. १ जूनला, शनिवारी दुपारी तो निखळला, सायक्लोहेक्झेनच्या वाफांचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. त्यांतली १८ कंट्रोल रूममध्ये होती.

मी पाइपिंग ड्राफ्ट्समन. उमेदवारीच्या काळात आमच्या चीफ ड्राफ्ट्समननी ही हकिकत सांगितली, आणि तो खडू माझ्या मनातून कधी गेला नाही.

मोकळ्या मैदानात वाफांचा असा ढग पेटला, तर ज्वाळ तुलनेने सावकाश पुढे सरकते. पाइपांच्या गर्दीत शिरली की वायू घुसळला जातो, ज्वाळेचा वेग वाढतो, पाठोपाठ दाबही. या घुसळणीला दाटीने बसलेले बारीक पाइप, केबल ट्रे, आधाराचे अँगल फार हातभार लावतात. आणि आमच्या धंद्याची रीत अशी, की दोन इंचांखालच्या पाइपांचा मार्ग बहुधा साइटवर फिटरनेच ठरवायचा. कागदावर ते नसतच.

मग चालू कारखान्याचं ‘ॲज-बिल्ट’, म्हणजे प्रत्यक्षात जसं बसवलंय तसं, ड्रॉइंग करायचं म्हणजे परांचीवर चढायचं, ओळंबा सोडायचा, टेपचं दुसरं टोक हेल्परने धरायचं आणि जुन्या प्रिंटवर लाल पेन्सिलीने दुरुस्त्या करायच्या. गरम पाइपाला हात लावता येत नसे. पाइपरॅकच्या वरच्या थराची मापं खालून नजरेनेच घेतली जात. पावसाळ्यात प्रिंटचा लगदा व्हायचा. तरीही अशी मापं घेणाऱ्यांनी केलेलं काम मी मोलाचं मानतो. पुढच्या शटडाउनमध्ये नवा पाइप जागेवर बसायचा तो त्यांच्याच मापांवर.

६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट आणि आगीत १६७ जण मेले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर ब्रिटनमध्ये समुद्रातल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मचे धोके मालकाने अभ्यासून, लेखी मांडून दाखवणं बंधनकारक झालं. नॉर्वेतल्या बर्गेनचे संशोधक वायुस्फोटांची संगणकी मॉडेल आधीपासून बांधत होतेच. पण मॉडेलला भूमिती लागते, आणि जुन्या कारखान्यांची खरी भूमिती कुठल्याच कपाटात नव्हती.

ती मिळवण्याची वाट मोसुलमध्ये जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले सिव्हिल इंजिनिअर बेन कासिरा यांच्या सायरा कंपनीने मोकळी केली. तिचा सायरॅक्स स्कॅनर १९९०च्या दशकाअखेरीस बाजारात आला. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. लेसरचा झोत पाइपावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं, तेही काही मिलिमीटरांच्या अचूकतेने. तापलेल्या पाइपाला हात न लावता, परांची न बांधता! माझ्या पिढीचं काम ज्याने केलं नाही, त्याला या यंत्राची किंमत पूर्ण कळणार नाही.

मात्र स्कॅनरला दिसतं ते समोरचंच. पाइपामागचा पाइप हवा असेल, तर तिपाई हलवून दुसरीकडून स्कॅन घ्यावा लागतो. शिवाय स्कॅनमधून मिळणाऱ्या मोजलेल्या बिंदूंच्या ढगातून पाइप, व्हॉल्व्ह, ट्रे ओळखून मॉडेल करणारा माणूस लागतो. वेळ वाचवायला तो बारीक पाइप वगळू लागला, की स्फोटाचा दाब गणितात कमी दिसतो. म्हणून बारीक पाइपही मॉडेलमध्ये हवेत, असं कंत्राटातच लिहून घ्यावं, आणि प्रत्येक मोठ्या शटडाउननंतर बदललेला भाग पुन्हा स्कॅन करावा.