पुराण मागणारा श्रोता

इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिला. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. साष्टीत धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी तशीच नवी का देत नाही? जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. तो १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापला गेला.

लोक यावेत म्हणून चर्चने काळाप्रमाणे बदलावे का, हा वाद आज गिटार, पडद्यावर उमटणारी गीते आणि प्रवचनाची लांबी यांभोवती फिरतो. एक बाजू म्हणते, तरुण मंडळी पाठ फिरवत आहेत, तर त्यांच्या भाषेत बोला. दुसरी म्हणते, देऊळ असो की चर्च, ती बाजारपेठ नव्हे. दोघांचेही म्हणणे मला अर्धेच पटते, कारण बदल कोणी मागितला हे दोघेही विचारत नाहीत. साष्टीतला तो श्रोता बाहेर उभा नव्हता, तो आत आलेला होता. स्टीफन्सने पुराणाचे रूप घेतले ते कोणाला भुलवून आणण्यासाठी नव्हे. आत आलेल्या माणसाला ऐकायला, गुणगुणायला, घरी न्यायला काहीच उरले नव्हते, म्हणून.

हे चित्र गोड करून सांगता येणार नाही. ती पोकळी त्याच सत्तेने निर्माण केली होती. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे पाडली गेली आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. एका हाताने हिरावले आणि दुसऱ्या हाताने ओवी दिली, असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तरीही ग्रंथाचे पुढे काय झाले ते पाहावे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला. चर्चला नव्हे, श्रोत्यांना तो हवा होता.

अनुवादक म्हणून मला स्टीफन्सच्या शब्दांचे फार कुतूहल वाटते. स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ घेतो. ग्रंथाच्या एका पाठात ख्रिस्ती संज्ञा लॅटिन-पोर्तुगीज आहेत, तर लंडनमधल्या देवनागरी हस्तलिखितात त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळ कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्यात रोजची अडचण दिसते. परका शब्द ठेवला तर वाचक अडखळतो. ओळखीचा घेतला तर तो आपले जुने घरदार सोबत घेऊन येतो. ‘वैकुंठ’ म्हटले की विष्णू दारातून आत येणारच.

ओळखीचे रूप घेताना आणखी एक प्रश्न उभा राहतो: ओळखीचे कोणाच्या? १६०६ मध्ये मदुराईला गेलेल्या रॉबर्ट दे नोबिलीने भगवी वस्त्रे घातली, मांसाहार सोडला, संस्कृत आणि तमिळ आत्मसात केली. तक्रारी रोमपर्यंत गेल्या, पण १६२३ मध्ये पोपने त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे मात्र त्या मिशनमध्ये वरच्या आणि खालच्या जातींसाठी वेगवेगळे मिशनरी नेमले गेले. संस्कृतीशी जुळवून घेता घेता जातीशीही जुळवून घेतले गेले. १९६९ मध्ये रोमने भारतीय कॅथलिकांच्या उपासनेसाठी बारा बदल मान्य केले. जमिनीवर बसणे, हात जोडणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती असे ते बदल होते. काहींनी याला हिंदूकरण म्हटले. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविद्येची मांडणी केली, तेव्हा आक्षेप त्याहून खोल होता. भारतीय ख्रिस्ती विचार आजवर वरच्या जातींच्या परंपरेशीच बोलत राहिला, आणि चर्चमध्ये बहुसंख्येने बसलेल्या दलितांचा अनुभव त्यात आलाच नाही. ज्या देवळात पाऊल ठेवू दिले नाही, तिथली समई आपल्या वेदीवर पाहून त्यांनी काय म्हणावे?

मला म्हणूनच नारायण वामन टिळकांचे उदाहरण वेगळे वाटते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आला, तेव्हा मराठी उपासनेत भाषांतरित गीते पाश्चात्य चालींवर गायली जात. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणजे हा पेहराव नव्हता, ज्या वाटेने ते आले तीच वाट होती. आणि वारकऱ्यांचे भजन एका जातीच्या मालकीचे नसल्यामुळे ते नगरच्या महार-मांग ख्रिस्ती मंडळींनाही परके नव्हते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण त्यांची पदे आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेची वाट मोकळी केली आणि वसईत लॅटिनच्या जागी मराठी आली. तरी ती प्रमाण मराठी होती. कित्येक घरांत आजी सामवेदी बोलत होती. एक पायरी उतरले, तरी खाली आणखी एक पायरी होतीच.

म्हणून ‘चर्चने बदलावे का’ याला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण आकर्षणासाठी नव्हे. न आलेल्या तरुणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून केलेला बदल पाच वर्षांत जुना होतो, कारण आवड बदलते. आधी आलेल्यांना विचारावे. शेवटच्या बाकावर बसलेल्या बाईला गीताचे शब्द आपले वाटतात का? प्रार्थना म्हणताना तिला आपली घरची बोली दाराबाहेर ठेवावी लागते का? साष्टीत तो प्रश्न विचारण्याचे धाडस एका ब्राह्मण श्रोत्याने केले, आणि ग्रंथात त्याची नोंद झाली. त्याच वर्गात मागे बसलेल्या इतरांनी काय मागितले असते, ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.