धरून ठेवलेला अग्निबाण

दिवाळीतला बाण वात पेटली की सुटतो. त्यामुळे मोठा अग्निबाणही पेटला की लगेच उडत असेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पेटल्यावरही त्याला काही सेकंद मुद्दाम खाली धरून ठेवतात.

चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न ५ चे वजन होते सुमारे २,९०० टन. बुडाशी चार पोलादी हात त्याला घट्ट पकडून असत. उड्डाणाआधी सुमारे नऊ सेकंद पाच इंजिने पेटवायला सुरुवात होई, तीही एकदम नव्हे. आधी मधले, मग समोरासमोरची दोन-दोन. पाचांनी पूर्ण जोर धरला की मगच हात सुटत. त्यातही झटका बसू नये म्हणून एक युक्ती होती. सोनार छिद्रांच्या पट्टीतून ओढून तार बारीक करतो ना, तसे जाड निमुळते खिळे छिद्रांतून ओढले जात आणि पहिले सहा इंच अग्निबाण अडखळतच वर जाई. चांद्रप्रवासाची सुरुवात सोनाराच्या युक्तीने! मला हे फार आवडते.

ही धरपकड किती मोलाची, ते आपल्याकडे श्रीहरिकोट्याला दिसले. २८ मार्च २००१, जीएसएलव्हीचे पहिलेच उड्डाण. सुमारे ४०० टनांचा अग्निबाण. मधल्या टप्प्यात घन इंधन, भोवती द्रव इंधनाचे चार जोडबाण. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही. म्हणून क्रम असा, की आधी चार जोडबाण पेटवायचे, सुमारे पाच सेकंदांत त्यांचा जोर तपासायचा आणि मगच मधल्याला हात लावायचा. त्या दिवशी चारांपैकी एकाने जोर धरलाच नाही. संगणकाने ते हेरले आणि उड्डाणाला एक सेकंद उरला असताना सारे थांबवले. बाजूला ज्वाळा दिसल्या, पण अग्निबाण जागच्या जागी उभा! मधला टप्पा पेटला असता तर तो लंगडा अग्निबाण सोडण्यावाचून गत्यंतरच नव्हते, आणि पोटात विषारी इंधन.

याला अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सदोष भाग बदलून तोच अग्निबाण तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला, उडाला. वरचा टप्पा थोडा कमी पडला आणि जीसॅट-१ ठरलेल्या कक्षेपर्यंत पोहोचला नाही, ती गोष्ट वेगळी.