बाळागोळी आणि गिरणी

मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’ या मासिकात १९२२ साली डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणाच्या काळात काय अवस्था असते, हे पाहण्यासाठी सरकारने त्यांची नेमणूक केली होती. त्या अहवालातला एक आकडा पुढे अनेक पुस्तकांत आणि चर्चांत उद्धृत होत राहिला. मुंबईत औद्योगिक काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असा तो आकडा. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव घरांत एखादी गोष्ट घडत असेल, तर तिला कुणा एका आईचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. ती त्या वस्तीची रीतच असते आणि रीत पडायला कारण लागते. हे कारण गिरणीच्या वेळापत्रकात होते.

या पाहणीचे मूळ मुंबईबाहेर आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिला हजर होते. बाळंतपणापूर्वी आणि नंतर स्त्रियांना विश्रांती व भत्ता मिळावा असा करार या परिषदेत झाला. हिंदुस्थान सरकारवर तो लगेच लागू झाला नाही. सरकारने या प्रश्नाचा अभ्यास करून माहिती द्यावी एवढेच ठरले. त्यातून बंगालमध्ये डॉ. डॅगमार कर्जेल आणि मुंबईत डॉ. बार्न्स यांच्या पाहण्या झाल्या. मुंबईचे लेबर ऑफिस १९२१ मध्येच सुरू झाले होते. मजुरी आणि महागाई मोजायला निघालेल्या या कार्यालयाच्या मासिकात आता गर्भारपण, दूध आणि अफू हेही विषय आले.

डॉ. बार्न्स गिरणीच्या दारात थांबल्या नाहीत. त्या चाळींत गेल्या, आणि अहवालाचे खरे मोल यातच आहे. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची, सुमारे पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक खोली त्यांनी पाहिली. तिच्यात सहा कुटुंबे राहत होती. जमिनीवर सहा निरनिराळ्या चुली होत्या. मुलेमाणसे धरून तीस जीव. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. इथे बाळंतपण कसे करणार, असे त्यांनी सोबतच्या नर्सला विचारले. तिने तीन फूट बाय चार फुटांची एक जागा दाखवली. वेळ आली की तेवढ्या जागेला आडोसा करत.

अशा खोलीतून बाई पहाटे निघे. १९२२ च्या कायद्याने कामाचा आठवडा साठ तासांवर आणि दिवस अकरा तासांवर आणला, तेव्हा ती सुधारणा समजली गेली. त्यात जाण्यायेण्याचा वेळ, पाणी भरणे, चूल हे धरलेले नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या आणि त्या मुख्यतः रिळिंग व वाइंडिंग खात्यांत होत्या. काम उक्त्यावर, जेवढे सूत, तेवढे पैसे. खाडा झाला की मजुरी गेली. फार दिवस घरी राहिले तर जागाही जाण्याचा धोका, आणि ती परत मिळवायची तर नाईकिणीला दस्तुरी द्यावी लागे. म्हणून दिवस भरेपर्यंत कामावर जायचे आणि अंगात बळ येण्याआधी परतायचे.

मूल मागे एखाद्या म्हातारीकडे किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे राही. ते दिवसभर रडू नये, यासाठी बाळागोळी. बाळगुटीशी तिचा संबंध नाही. बाळगुटीत हळकुंड, वेखंड, सुंठ अशा वस्तू उगाळतात, तर बाळागोळीतला कामाचा पदार्थ अफू. अफूने मूल झोपते, त्याची भूक मरते, श्वास मंदावतो, शौचाला होत नाही. खोकला किंवा हगवण असेल तर तीही झाकली जाते. आई संध्याकाळी परतते तेव्हा मूल शांत असते, आणि दिवसभर उपाशीही असते. ही अफू चोरून आणावी लागत नसे. तिची विक्री परवानाधारक दुकानांतून चाले आणि त्यावरचा महसूल सरकारच्या तिजोरीत जमा होई.

याच काळातला दुसरा आकडा बालमृत्यूंचा. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली मुले ६६७ होती. खोल्यांप्रमाणे पाहिले तर एका खोलीत राहणाऱ्यांत हे प्रमाण ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर गावी जात. जन्म तिकडे होई आणि मृत्यू मात्र मुंबईच्या दफ्तरात पडे. त्यामुळे प्रमाण फुगते, विशेषतः एका खोलीतल्यांचे. ही वजावट केली तरी एक आणि चार खोल्यांमधली दरी बुजत नाही.

आईच्या अडाणीपणावर बोट ठेवणे सोपे होते आणि तसे ते ठेवलेही गेले. अफू वाईट, हे आयांना सांगून भागणार नव्हते, कारण गोळी बंद केली तर मुलाला कोणी पाहायचे हा प्रश्न तसाच उरत होता. कामाच्या जागेचे आरोग्य म्हणजे यंत्राभोवतीचे कुंपण, हवा आणि धूळ, एवढीच तोवरच्या फॅक्टरी कायद्याची समज होती. गिरणीत कधीही न आलेला जीव गिरणीमुळे आजारी पडू शकतो, हे या पाहणीने दाखवले.

त्यावरचा उपाय कायद्यात यायला सात वर्षे लागली. ना. म. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात आणलेले प्रसूति-भत्त्याचे विधेयक फेटाळले गेले. मग मुंबई कायदेमंडळात आर. एस. आसवले यांनी विधेयक मांडले आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. हे पैसे गिरणीमालकाने द्यायचे.

पैसे कोणी द्यायचे, यावरच खरा वाद होता. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही म्हणून स्त्रीला काहीच मिळू नये, हे त्यांना मान्य नव्हते. बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यानेही भार सोसावा, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे काय झाले ते गिरण्यांच्या हजेरीपटात दिसते. एक पंचमांश असलेले स्त्रियांचे प्रमाण स्वातंत्र्याच्या सुमारास जवळजवळ निम्म्यावर आले आणि नंतर घसरतच गेले. याचे खापर एकट्या प्रसूति-भत्त्यावर फोडणे चूक ठरेल. रिळिंग-वाइंडिंगमध्ये यंत्रे आणि कामाची फेररचना आली. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या आणि रात्री स्त्रियांना काम देण्यास कायद्याने बंदी होती. तरीही बाई ठेवली की खर्च वाढतो, हा हिशेब मालकांच्या हाती आयताच पडला.

त्या हिशेबातून सुटण्याची वाट १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने दाखवली. वर्गणी सगळ्या कामगारांच्या पगारावर. भत्ता विम्याच्या निधीतून. बाई ठेवा की पुरुष, मालकाची वर्गणी तीच. पण या योजनेच्या कक्षेबाहेरच्या आस्थापनांत १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्याने खर्च पुन्हा मालकावर ठेवला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. मात्र रजेच्या पगाराचा भार मालकावरच राहिला. मुलाखतीत लग्न आणि मुलांविषयी प्रश्न आजही स्त्रियांनाच विचारले जातात, त्यामागे हा जुना हिशेब आहे.

ज्या बायका घरोघरी धुणीभांडी करतात, बांधकामावर किंवा ऊसतोडीला जातात, त्यांच्या बाबतीत तर मालक नेमका कोण इथूनच सुरुवात आहे. त्यांचे मूल दिवसभर कोणाजवळ असते, हे विचारायला डॉ. बार्न्स यांच्यासारखेच कामाच्या जागेवरून त्यांच्या खोपीपर्यंत जावे लागेल.