कपाट आणि त्याची चावी

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर दोन पंथांच्या वादामुळे १९८१ पासून कुलूपबंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते २०२३ मध्ये उघडले. अशा वेळी हिंदीत 'मंदिराचे कपाट उघडले' असे म्हणतात. संस्कृतात कपाट म्हणजे दरवाजाची फळी. मराठीने मात्र हा शब्द दरवाजे असलेल्या सामानाच्या पेटाऱ्याला दिला.

आम्ही मुसलमान घरात त्यालाच अलमारी म्हणतो. शब्द उर्दू वाटतो, पण तो पोर्तुगीज 'आर्मारियो'पासून आला. त्याचे मूळ लॅटिन 'आर्मारियम', म्हणजे हत्यारे-अवजारे ठेवण्याची जागा. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. 'चावी' हा शब्दही त्यांचाच.

त्याआधी आपल्या घरांचे काम भिंतीच करीत. मातीच्या जाड भिंतीत कोनाडा, ताक आणि फळ्यांचे फडताळ असे. उंच ताकात जुझदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ, खालच्या कोनाड्यात चिमणी, सुरमेदानी. कपडे आणि जहेजची भांडी संदुकीत. ताकाला कुलूप नव्हते; ज्याचा हात पोहोचे, त्याला वस्तू मिळे.

मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला. १९२३ पासून तेथे पोलादी कपाटे बनू लागली. वाळवी आणि उंदरांनी हैराण झालेल्या घरांना ती मानवली. पुढे 'गोदरेज' हे कपाटाचेच नाव झाले आणि लेकीच्या लग्नात ते देणे इभ्रतीची गोष्ट ठरली.

या कपाटात वर ठेवणीच्या साड्या, खाली रजया, आतल्या चोरकप्प्यात दागिने, निकाहनामा आणि सातबारा. चावी घरच्या बाईच्या पदराला. पण त्या सातबाऱ्यावर तिचे नाव किती घरांत सापडते? सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. तो बाप खूश झाला म्हणून द्यायची बक्षिसी नव्हे, तिचा हक्क आहे. आम्ही मात्र 'लग्नात कपाट दिले ना' म्हणून हिशेब मिटवतो.

लेकीला कपाट जरूर द्यावे. पण त्याच्या चोरकप्प्यात तिच्या नावाचा एक कागदही असावा. नाहीतर आम्ही तिला कुलूप दिले, चावी दिली, आणि जपण्यासाठी दुसऱ्याचीच मालमत्ता दिली, असेच म्हणावे लागेल.