लघवीत प्रोटीन जातंय? काही दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको

गडब (ता. पेण) : साखर तपासली, बीपी मोजला, गोळ्या चालू आहेत. पण लघवीतलं प्रोटीन तपासलंय का? ही साधी तपासणी किडनी आणि हृदयाचा पुढचा धोका बराच आधी सांगते.

प्रोटीन का जातं?
किडनी ही रक्ताची गाळणी आहे. ती धड असेल तर अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन रक्तातच राहतं. जुनी शुगर किंवा वाढलेल्या बीपीने गाळणी खराब झाली की ते लघवीत उतरतं. शरीरातल्या इतर रक्तवाहिन्याही बिघडत असल्याची ही खूण असते. म्हणून किडनीबरोबर हार्ट अटॅक आणि लकव्याचाही धोका वाढतो. लाखाहून जास्त लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात प्रमाण ५ असलेल्यांपेक्षा ३० असलेल्यांत मृत्यूचा धोका दीडपटीहून अधिक दिसला.

रिपोर्ट कसा वाचायचा?
‘एसीआर’ तपासणीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन आहे ते कळतं.
• ३० पेक्षा कमी : ठीक
• ३० ते ३०० : वाढलेलं, इलाज सुरू करण्याची वेळ
• ३०० पेक्षा जास्त : जास्त धोका
स्ट्रिपच्या साध्या तपासणीत थोडं वाढलेलं प्रमाण सुटू शकतं. शुगर असेल तर डॉक्टरांना एसीआरबद्दल विचारा. सकाळची पहिली लघवी उत्तम, उपाशी राहायची गरज नाही.

एका रिपोर्टवर घाबरू नका
ताप, लघवीचं इन्फेक्शन, मासिक पाळी किंवा अंगमेहनतीनंतरही प्रोटीन तात्पुरतं दिसतं. तीन महिन्यांत पुन्हा तपासा. तीनपैकी दोन वेळा जास्त आलं तर ते खरं धरतात.

कोणी तपासायचं?
शुगर किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा. घरात कुणाला किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. गरोदर बाईची तपासणी प्रत्येक भेटीत व्हावी. पाचव्या महिन्यानंतर बीपी वाढून लघवीत प्रोटीन आलं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपणानंतरही अशा बाईने बीपी तपासत राहावं.

काय करायचं?
बीपी आणि शुगर ताब्यात ठेवा. बीपीच्या काही गोळ्या किडनीलाही जपतात. बरं वाटलं म्हणून त्या बंद करू नका. दिवसाला मीठ एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. आपल्याकडे पापड, लोणचं, सुकी मासळी ताटात असतेच. त्यातलं मीठही मोजा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. तंबाखू, विडी सोडा. प्रोटीन जातंय म्हणून प्रोटीन पावडर सुरू करू नका.

लघवीला सतत फेस येणं, पाय किंवा डोळ्यांखाली सूज ही लक्षणं बरीच उशिरा दिसतात. तेवढी वाट पाहू नका. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा लघवीची बाटलीही न्या.