सीएनजी किट बसवलेली गाडी पीयूसी चाचणीत नापास झाली तर काय करावे? (दिल्ली व एनसीआर)

मुद्रा किंवा इतर स्वयंरोजगार योजनेतून कर्ज घेऊन टॅक्सी अथवा मालवाहू गाडी चालवणाऱ्या लाभार्थ्यांसाठी ही माहिती आहे. अशी गाडी एक दिवस उभी राहिली तरी त्या दिवसाची कमाई जाते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. नंतर सीएनजी किट बसवलेल्या किंवा इंजिनच्या संगणकात फेरबदल केलेल्या गाड्यांना पीयूसी चाचणीत अधिक अडचणी येतात. नापास होण्याचे कारण कसे शोधावे, दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी आणि कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत, हे खाली दिले आहे.

थोडक्यात

- नापास झाल्यास केंद्राकडून आकड्यांसह नापास पावती मागून घ्या. दुरुस्तीची सुरुवात या पावतीपासून होते.
- आधी स्वस्त कारणे तपासा: एअर फिल्टर, प्लग, हवेची गळती, थंड इंजिन.
- किटची नोंद आरसीवर आहे का, ते पाहा.
- पैसे देऊन, चाचणी न करता प्रमाणपत्र घेऊ नका.

पीयूसी प्रमाणपत्र कधी लागते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 115 नुसार पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पूर्ण झाल्यावर प्रत्येक वाहनाकडे वैध पीयूसी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. प्रमाणपत्र किती काळ चालते हे वाहनाच्या प्रकारावर व भारत स्टेज मानकावर अवलंबून असते. अंतिम तारीख प्रमाणपत्रावर छापलेली असते, ती पाहून ठेवा.

वैध प्रमाणपत्र असलेल्या गाडीतूनही मर्यादेबाहेर धूर निघत असल्याचे सिद्ध झाल्यास कारवाई होऊ शकते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 190(2) नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सोबत चालक परवाना 3 महिन्यांसाठी अपात्र ठरतो. ज्यांचे घर गाडी चालवून चालते, त्यांना दंडापेक्षा परवाना जाणे महागात पडते.

चाचणीत काय मोजतात?

पीयूसी केंद्रावर सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून बाहेर पडणारा वायू मोजला जातो. पेट्रोल व सीएनजीवरील चारचाकीसाठी इंजिन आयडलवर असताना लागू होणाऱ्या मर्यादा अशा आहेत:

- भारत स्टेज 2 व 3: कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के, हायड्रोकार्बन 750 पीपीएम.
- भारत स्टेज 4: कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के, हायड्रोकार्बन 200 पीपीएम.

भारत स्टेज 4 च्या पेट्रोल गाडीची चाचणी इंजिन सुमारे 2,500 फेऱ्यांवर ठेवूनही होते. तेव्हा कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा 0.97 ते 1.03 यांच्या दरम्यान असावा लागतो. लॅम्डा म्हणजे हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा. तो 1 पेक्षा कमी असेल तर इंधन जास्त जात आहे, 1 पेक्षा जास्त असेल तर हवा जास्त आहे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीसाठी हायड्रोकार्बनचा आकडा 0.3 ने गुणून धरतात, कारण न जळलेल्या सीएनजीत मुख्यतः मिथेन असतो. उदाहरणार्थ, यंत्राने 500 पीपीएम दाखवले तर हिशेबात 150 धरले जातात आणि भारत स्टेज 4 ची गाडी पास होते. पावतीवर हा हिशेब योग्य धरला आहे का, ते पाहा. त्यासाठी चाचणीच्या वेळी गाडी कोणत्या इंधनावर चालू होती, हे केंद्रचालकाला स्पष्ट सांगा.

इंजिनचा संगणक आणि सीएनजी किट

इंजिनच्या संगणकाला ईसीयू म्हणतात. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सतत कळवत असतो की इंधन जास्त होत आहे की कमी. त्यानुसार ईसीयू इंधन वाढवतो किंवा घटवतो. वारंवार करावी लागणारी दुरुस्ती तो स्वतःच्या स्मृतीत साठवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो.

1 किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. सीएनजीला सुमारे 17 किलो लागते. त्यामुळे सिक्वेन्शियल प्रकारच्या किटमध्ये दुसरा, छोटा ईसीयू असतो. तो पेट्रोलच्या ईसीयूकडून आलेला इशारा घेतो, त्यात बदल करतो आणि गॅसचे इंजेक्टर उघडतो.

या दुसऱ्या ईसीयूचे ट्यूनिंग चुकले असेल तर मूळ ईसीयू ती चूक भरून काढू लागतो आणि तीच सवय साठवतो. मग गाडी पेट्रोलवर घेतली तरी आकडे बिघडलेले येतात. "पेट्रोलवर तर काहीच केलेले नाही, मग नापास कशी?" या प्रश्नाचे उत्तर अनेकदा गॅसच्या ट्यूनिंगमध्ये सापडते.

नापास पावती कशी वाचावी?

जून 2021 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने देशभर एकच नमुना असलेले, क्यूआर कोडचे पीयूसी प्रमाणपत्र लागू केले. त्याच अधिसूचनेत नापास पावतीची तरतूद आहे. ही पावती गॅरेजमध्ये दाखवता येते. केंद्राचे यंत्र बिघडले आहे असे वाटल्यास ती घेऊन दुसऱ्या केंद्रावर चाचणी करता येते.

पावतीवरील आकड्यांचा अर्थ साधारणपणे असा:

- कार्बन मोनॉक्साइड जास्त, लॅम्डा 0.97 पेक्षा कमी: इंधन जास्त जात आहे. तुंबलेला एअर फिल्टर, गळणारा इंजेक्टर, जुना ऑक्सिजन सेन्सर, इंजिनाच्या तापमानाचा बिघडलेला सेन्सर किंवा गॅसच्या रेड्युसरचा जास्त दाब तपासावा.
- हायड्रोकार्बन जास्त, कार्बन मोनॉक्साइड कमी: इंधन न जळताच बाहेर पडत आहे. प्लग, इग्निशन कॉइल, इनटेकच्या पाइपमधील गळती व गॅस फिल्टर तपासावा. सीएनजीला ठिणगी जोरकस लागते, म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो, गॅसवर नाही.
- लॅम्डा ठीक, पण दोन्ही वायू थोडे जास्त: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड आहे किंवा निकामी झाला आहे.
- बाकी आकडे ठीक, फक्त लॅम्डा जास्त: सायलेन्सरला भोक किंवा सांध्यात गळती असू शकते. बाहेरची हवा आत जाऊन आकडा चढतो.

दुरुस्तीचा क्रम

1. इंजिन तापवून पुन्हा मोजा. 15 ते 20 मिनिटे गाडी चालवून मगच केंद्रावर जा. दिल्लीच्या थंडीत सकाळी घराजवळच्या केंद्रावर थेट नेलेली गाडी केवळ कन्व्हर्टर न तापल्यामुळे नापास होऊ शकते.
2. एअर फिल्टर, प्लग व पाइप पाहा. किट बसवताना इनटेकला पाडलेली छिद्रे व लावलेले क्लिप आधी तपासावेत.
3. स्कॅनर लावा. इंजिनची पिवळी खूण पेटलेली असेल तर ईसीयूत कोड साठवलेला असतो. पी0171 म्हणजे हवा जास्त, पी0172 म्हणजे इंधन जास्त, पी0300 म्हणजे मिसफायर, पी0420 म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता कमी. कोड पुसण्याआधी लिहून घ्या किंवा त्याचा फोटो काढा.
4. आधी पेट्रोलवर ठीक करा. गाडी फक्त पेट्रोलवर चालवून मेकॅनिकला 'फ्युएल ट्रिम' पाहायला सांगा. तो अधिक किंवा उणे 10 टक्क्यांपलीकडे असेल तर दोष मूळ इंजिनात आहे.
5. मग गॅसवर घ्या. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि गॅसवर बिघडत असेल तर गॅसचे ट्यूनिंग, रेड्युसर व गॅस इंजेक्टर यांकडे वळा. हे काम किट कंपनीच्या अधिकृत केंद्रातच करावे.
6. शेवटी कन्व्हर्टर. हा सर्वांत महाग भाग आहे. मिसफायर दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवला तर न जळलेले इंधन त्यात जळून तोही खराब होतो.

हे करू नका

- चाचणीच्या दिवशी बॅटरीची तार काढून ईसीयूची स्मृती पुसू नका. ईसीयूला पुन्हा शिकायला काही दिवसांचे चालवणे लागते, तोवर आकडे आणखी बिघडू शकतात.
- पिवळी खूण विझवण्यासाठी ऑक्सिजन सेन्सरच्या जागी खोटा इशारा देणारे यंत्र बसवू नका. खूण विझते, पण सायलेन्सरमधून निघणारा वायू तोच राहतो.
- पिकअप वाढवण्यासाठी ईसीयूचे रिमॅपिंग केले असेल तर मूळ प्रोग्रॅम परत टाकून घ्या.
- कन्व्हर्टर काढून रिकामा पाइप लावू नका. परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी कलम 182अ(4) नुसार मालकाला प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

कागदपत्रे

- आरसी: इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद हवी. कलम 52 नुसार फेरबदलाची माहिती 14 दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला द्यावी लागते. गाडी कर्जावर असेल तर किट बसवण्याआधी बँकेची लेखी संमती घ्या.
- किटची मान्यता: किट मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले असावे. पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅट या अशा संस्था आहेत. प्रमाणपत्राची प्रत किट बसवणाऱ्याकडून घ्या. आपल्या गाडीच्या मॉडेलचा त्यात समावेश आहे का, ते वाचा.
- सिलिंडर: दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट करून पट्टी अद्ययावत ठेवा.
- विमा: किटची नोंद पॉलिसीत करून घ्या. नोंद नसल्यास अपघातानंतर दावा अडू शकतो.

नेहमीचे प्रश्न

सेकंडहँड गाडी घेतली, किट आधीच बसवलेले होते. जबाबदारी कोणाची?
आरसी आपल्या नावावर आल्यावर आपली. म्हणून व्यवहाराआधी आरसीवरील इंधनाची नोंद, हायड्रो टेस्टची पट्टी आणि आदल्या पीयूसीवरील आकडे पाहावेत. कर्जाची रक्कम विक्रेत्याला मिळण्याआधी एकदा स्वतःसमोर पीयूसी चाचणी करून घ्यावी.

गाडीचा नंबर महाराष्ट्राचा आहे. दिल्लीत पीयूसी काढता येते का?
होय. पीयूसी प्रमाणपत्र देशभर चालते. मात्र गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर कलम 47 नुसार तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

चाचणीचे शुल्क किती?
दिल्ली सरकारने जुलै 2024 मध्ये पेट्रोल, सीएनजी व एलपीजीवरील दुचाकी-तीनचाकीसाठी 80 रुपये, चारचाकीसाठी 110 रुपये आणि डिझेल गाडीसाठी 140 रुपये असे दर जाहीर केले होते. केंद्रावरील दरफलक पाहून पैसे द्या व पावती घ्या.

पीयूसी असेल तर ग्रॅपच्या निर्बंधांतून सूट मिळते का?
नाही. हवा फार बिघडल्यावर ग्रॅपच्या तिसऱ्या टप्प्यात दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगर येथे भारत स्टेज 3 च्या पेट्रोल आणि भारत स्टेज 4 च्या डिझेल चारचाकींवर निर्बंध येतात. पीयूसी पास असली तरी ते लागू राहतात.

चाचणी न करता प्रमाणपत्र मिळत असेल तर?
घेऊ नका. गाडी धूर सोडत असल्याचे वाटल्यास अधिकारी ती पुन्हा तपासणीसाठी नेण्याचा लेखी किंवा ऑनलाइन आदेश देऊ शकतो. आदेश न पाळल्यास दंड होतो आणि नोंदणी निलंबित होऊ शकते.

लक्षात ठेवा: प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या किमान 15 दिवस आधी गाडी तपासून घ्या. नापास झाली तरी दुरुस्तीला वेळ मिळतो आणि हप्त्याच्या तारखेला गाडी रस्त्यावर असते.