लघुपटातील दोष आणि कर्त्याचा हेतू

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या युवक मेळाव्यात लघुपटांची स्पर्धा भरली होती आणि परीक्षकाची एक खुर्ची आमच्या वाट्याला आली होती. त्यांतील एक लघुपट नऊ मिनिटांचा होता. मुले परदेशी गेलेली एक वृद्धा संध्याकाळी एकटीच जपमाळेची प्रार्थना करते, एवढाच त्याचा विषय. शेवटची दोन मिनिटे पडदा इतका काळोखा झाला की आजीचा चेहराही दिसेना, आणि तिचे शब्द वाऱ्याच्या घोंघावण्यात बुडून गेले. दिवे लागताच सभागृहात दोन तट पडले. काहींच्या मते छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण सपशेल फसले होते. काहींना त्या काळोखात आजीचे एकाकीपण आणि त्या वाऱ्यात देवाचे मौन दिसले होते. आम्हीही दुसऱ्या तटाकडे झुकलो होतो. अखेर करणाऱ्या मुलालाच विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "दिवा जळाला होता, सर. दुसरा आणायला पैसे नव्हते."

वाद तेथे मिटायला हवा होता, पण मिटला नाही. एक ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणाले, दिवा जळाला असेल, पण परिणाम तर साधला ना? त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही. पुढे शोधू लागलो तेव्हा ध्यानी आले की हा वाद लघुपटाइतकाच जुना आहे. किंबहुना चित्रपटाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे.

चित्रपट जन्मला तो लघुपट म्हणूनच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची जी चित्रे दाखविली गेली, ती प्रत्येकी मिनिटभराचीही नव्हती. त्याच वर्षाच्या संदर्भात जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराने पुढे १९०७ साली एक हकिगत लिहून ठेवली. पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण करीत असता त्याच्या यंत्रात फीत अडकली. ती मोकळी करण्यात मिनिटभर गेले. तोवर समोरची वाहने आणि माणसे पुढे सरकली. नंतर फीत पडद्यावर पाहतो तो प्रवाशांच्या गाडीची एकाएकी शववाहिका झालेली! हकिगत त्याने थोडी रंगवलीही असेल, जादूगारच तो. परंतु यंत्राचा तो अडथळा त्याने पुढे जाणूनबुजून वापरला आणि पडद्यावर माणसे अदृश्य करू लागला. पहिल्या वेळी जो दोष होता तो दुसऱ्या वेळी कला झाला, आणि पडद्यावर मात्र दोन्ही अगदी सारखेच दिसले असणार. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने त्यांतला भेद ओळखायचा कसा?

आपल्या देशात हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो सरकारी लघुपटांमुळे, हे वाचून पुष्कळांना हसू येईल. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे चित्रगृहांना परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होते. 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही अक्षरे उमटली की प्रेक्षक निश्चिंत होई. अजून शेंगदाणे घ्यायला वेळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. धरणे, खते, कुटुंबनियोजन, पुढाऱ्यांचे दौरे आणि या साऱ्यावर एक धीरगंभीर निवेदक. तंत्र बहुधा निर्दोष असे. पाहण्याचा उत्साह मात्र कोणालाच नसे.

१९६५ साली पॅरिसहून, युनेस्कोतली नोकरी काही काळ बाजूला ठेवून, जाँ भावनगरी हे मुंबईचे पारशी गृहस्थ या संस्थेत मुख्य सल्लागार म्हणून आले. पुढील दोन वर्षांत त्यांनी जी मोकळीक दिली, तिच्यातून काही विलक्षण चित्रे निघाली. एस. एन. एस. शास्त्री यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी जन्मलेल्या तरुणांना गाठून 'आय अॅम ट्वेंटी' (१९६७) केला, आणि दुसऱ्याच वर्षी 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स' या नावाचा, लघुपट करणाऱ्याने स्वतःच्याच धंद्याकडे तिरकस नजरेने पाहणारा लघुपट केला. पण आमच्या विषयाला सर्वांत जवळचे चित्र मकबूल फिदा हुसेन यांचे.

पंढरपुरात जन्मलेले हुसेन तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवीत असत, हे सर्वश्रुत आहे. चित्रपट करण्याचे शिक्षण मात्र त्यांना नव्हते. अशा माणसाच्या हाती भावनगरींनी सरकारी फीत दिली आणि १९६७ साली 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा सुमारे सतरा मिनिटांचा कृष्णधवल लघुपट तयार झाला. राजस्थानातील बुंदी, चितोड, जैसलमेर; वाळू, भिंती, जनावरे, माणसे; आणि मध्येच कोठूनही उगवणारी एक छत्री, एक कंदील, एक जोडा. निवेदन नाही, नुसते संगीत. येथे कथा शोधू नका, हे हुसेन आरंभीच सांगून टाकतात. दृश्यांचा परस्परसंबंध कोठेच सांगितलेला नाही. लघुपट म्हणजे माहिती, अशी सवय लागलेल्या प्रेक्षकाला हे चित्र अर्धवट वाटले तर नवल नाही. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात याच चित्राला लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बर्लिनने मान दिला म्हणून चित्रातील सर्व काही हेतुपूर्वक आणि म्हणून निर्दोष ठरते, असे मानणे ही शेंगदाणे खात बसण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. पारितोषिक हा पुरावा नव्हे. आणि 'कथा शोधू नका' हे कर्त्याचे निवेदनही पुरावा नव्हे. असे निवेदन कोणताही आळशी मनुष्य आपल्या चित्राला चिकटवू शकतो.

मग पुरावा कोठे शोधावा? या ठिकाणी आम्हांला मदत झाली ती तेराव्या शतकातील एका डोमिनिकन संन्याशाची. संत थॉमस अक्विनास यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या पूर्वार्धात, सत्तावन्नाव्या प्रश्नात, कलेविषयी दोन विधाने शेजारीशेजारी आढळतात. (त्यांच्या लेखी कला म्हणजे सुतारकामापासून सर्व घडणावळ.) पहिले असे की, कारागिराची स्तुती त्याने कोणत्या भावनेने काम केले यावरून होत नाही, काम कसे उतरले यावरून होते. दुसरे विधान अधिक चकित करणारे आहे आणि त्याचे मूळ ॲरिस्टॉटलमध्ये आहे. नकळत चुकणाऱ्या कारागिरापेक्षा जाणूनबुजून चुकणारा कारागीर श्रेष्ठ. सदाचाराच्या बाबतीत मात्र नेमके उलट, तेथे जाणूनबुजून केलेली चूक अधिक वाईट.

आम्ही ही दोन विधाने पुनःपुन्हा वाचली. वरवर पाहता ती एकमेकांना छेद देतात : पहिले हेतूला दाराबाहेर काढते, दुसरे त्याला आत घेते. परंतु दोहोंत 'हेतू' एक नाही. दाराबाहेर गेला तो सद्‌हेतू : भक्ती, समाजसेवा, देशप्रेम. आत आले ते ज्ञान. बरोबर कसे करावे हे ठाऊक असणे. जो सरळ रेघ ओढू शकतो त्याच्या वाकड्या रेघेकडे थांबून पाहावे, आणि ती का वाकवली हे त्या चित्रातच शोधावे.

ही कसोटी लावली की हुसेन यांच्या चित्राचे दोन भाग पडतात, निदान आमच्या दृष्टीने. छत्री, कंदील आणि जोडा ज्या मापाने चौकटीत येतात, वाळूच्या करड्या रंगावर ज्या काळेपणाने उमटतात, तेथे अनेक वर्षे फलक रंगवलेल्या हाताची खात्री दिसते. तो विस्कळीतपणा नव्हे. मात्र काही ठिकाणी एका दृश्याने दुसऱ्याला हात द्यायचा तो दिला जात नाही, आणि तेथे आम्हांला चित्रकार दिसत नाही, नवखा चित्रपटकार दिसतो. हे म्हटल्याने चित्र लहान होत नाही.

प्रमोद पती यांच्याबाबत प्रश्न वेगळा आहे. ओरिसातून आलेले पती प्राग येथे बाहुलीपटांचे आचार्य यिरी त्रन्का यांच्याकडे शिकलेले. त्यांच्या 'एक्स्प्लोरर' (१९६८) या सातेक मिनिटांच्या लघुपटात दृश्ये इतक्या वेगाने बदलतात आणि ध्वनी इतका कर्कश आहे की यंत्र बिघडले की काय अशी शंका यावी : नाचणारी तरुण मंडळी, प्रयोगशाळा, प्रार्थना, छापील अक्षरे. त्यांच्याच 'आबिद' (१९७२) मध्ये चित्रकार आबिद सुरती यांना एकेक चौकट थांबवून चित्रित केले आहे, त्यामुळे जिवंत माणूस झटके घेत हलतो. एरवी हा झटका म्हणजे दोष. पण चौकटीमागून चौकट मोजून दिलेला झटका अपघाताने होऊच शकत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, रोप मिनिटभरात वर येताना दाखविले होते, तेही याच रीतीने. भांडवल देणाऱ्याला आपला हात दाखविण्यासाठीच फाळक्यांनी तो लघुपट केला होता. त्यातले रोप झटक्यांनी वाढले म्हणून कोणी त्याला नावे ठेवत नाही.

फाळक्यांचे नाव निघाले म्हणून आपल्या घरची गोष्ट. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांना पडद्यावर श्रीकृष्ण आणि श्रीराम दिसू लागले, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. त्या काळच्या ख्रिस्तपटांत रंगवलेले पडदे आणि एका जागी खिळलेला कॅमेरा हाच थाट असे. फाळक्यांनी भक्ती बाजूला ठेवली नाही. पण तेवढ्यावर न थांबता लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. आपण ख्रिस्ती मंडळींनी मात्र पुढे कितीतरी वर्षे उलट केले. संतचरित्रावरील चित्र असले की प्रकाश, आवाज, अभिनय काहीही चालते. हेतू पवित्र आहे ना, मग पुरे. संत थॉमस यांनी जी पळवाट सातशे वर्षांपूर्वी बंद केली, ती आमच्या सभागृहांतून आजही उघडी आहे.

ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवणही या बाबतीत टप्प्याटप्प्याने पुढे आली. पोप पायस अकरावे यांच्या १९३६ च्या 'व्हिजिलांती कुरा' या परिपत्रकाचा मुख्य भर कोणते चित्र पाहावे आणि कोणते टाळावे यावर होता. पायस बारावे यांच्या १९५७ च्या 'मिरांदा प्रोर्सुस' मध्ये प्रेक्षकाला चित्रपट समजून घ्यायला शिकवावे, हा विचार ठळकपणे आला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, १९७१ च्या 'कोम्युनियो एत प्रोग्रेसियो' ने त्याला आणखी बळ दिले. आपल्या देशात हे काम सर्वांत आधी मनावर घेणाऱ्यांत येशूसंघीय फादर गास्तों रोबेर्ज होते. १९६१ साली भारतात येण्यापूर्वी न्यूयॉर्कमध्ये सत्यजित राय यांची अपूची तीन चित्रे पाहून भारावलेले हे कॅनडावासी धर्मगुरू. त्यांनी १९७० साली कलकत्त्यात 'चित्रबाणी' ही संस्था उभारली आणि २०२० साली मृत्यू येईपर्यंत लोकांना चित्रपट पाहायला शिकवीत राहिले.

त्या मुलाला पारितोषिक मिळाले नाही. निकालानंतर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, दिव्याचे जाऊ द्या. पण सगळे चित्रण मी जमिनीवर बसून, आजीच्या पाटाच्या उंचीवरून केले होते, ते कोणाच्या लक्षात आले का? आमच्या लक्षात आले नव्हते. आम्ही ते नऊ मिनिटांचे चित्र त्याच संध्याकाळी पुन्हा लावायला सांगितले.